येझदीच्या कव्हरवरची उठावाची अक्षरं – मदत हवी आहे

बाबांची जुनी मोटरसायकल, येझदी रोडकिंग, परत उभी करतोय. इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियम कव्हरवर नाव उठावात आहे, त्यामागचा काळा रंग पार उडालाय. ब्रशने भरून पाहिलं, पण हात काही स्थिर राहत नाही, अक्षरांच्या कडा बरबटल्या!

आता विचार असा: थिनरने सगळं साफ करायचं, एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूवर रंग घट्ट धरावा म्हणून आधी मारायचा थर, मग अक्षरांसकट काळा स्प्रे. वाळल्यावर सपाट लाकडी ठोकळ्याला ६०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) गुंडाळून फक्त अक्षरांचा माथा घासायचा, म्हणजे तेवढाच रंग निघेल. की रंग ओला असतानाच थिनरच्या फडक्याने पुसू? साधा एनॅमल रंग इंजिनच्या उष्णतेला टिकेल, की हीटप्रूफच घ्यावा? कुणी स्वतः केलं असेल तर फोटो टाका प्लीज.