कोडमधे टाइप (माहिती आकडा आहे की मजकूर, तो प्रकार) कडक बरे की सैल? सोसायटीच्या ॲपसाठी विचारतोय

कोथरूडचा_पंखा: आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब अजून वहीतच चालतो म्हणून मी पायथन भाषा आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर ॲप करायला घेतलंय. हिंजवडीतला मित्र म्हणतो पैशाचं काम टाइप नसलेल्या भाषेत नको, जावा घे. एवढ्याशा कामाला जावाचं पाल्हाळ जिवावर येतं राव. काय करू?

बॅकएंडवाला: मित्र दोन गोष्टींची खिचडी करतोय. टाइप कधी तपासतात हे एक आणि किती कडक तपासतात हे वेगळं. पायथन कोड चालताना तपासतं पण कडक आहे, '१५००' ही स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) अधिक २०० हा आकडा केलंस की टाइपएरर देऊन अडून बसतं. जावास्क्रिप्ट गुपचूप दोन्ही चिकटवतं, १५००२००, म्हणजे लेट फी धरून पंधरा लाख दोनशेचं बिल, आणि ते जोशीकाकांच्या दारात 😂 वजाबाकी केलीस तर मात्र बरोब्बर १३०० येतं, म्हणून टेस्टिंगमधे सुटतं. सी भाषेचं एकदम उलटं, टाइप आधी ठरलेले पण कॅरेक्टर (अक्षर) आणि इंटिजर (पूर्णांक) बिनधास्त मिसळतात.

पेठेतली_मुलगी: पायथनवर पण फार विसंबू नका, '१५००' गुणिले २ केलं तर एरर नाही, '१५००१५००' येतं. टाइप हिंट (कोडमधे टाइप लिहून ठेवायची सोय) पायथन ३.५ पासून आहेत पण चालताना त्यांच्याकडे कोणी बघत नाही, त्या तपासायला मायपाय हे टूल वेगळं चालवावं लागतं. टाइपस्क्रिप्टचं (टाइप लावलेलं जावास्क्रिप्ट) पण तेच, कंपाइल होऊन साधं जावास्क्रिप्ट झालं की टाइप गेले, फॉर्ममधून काय आलं ते तुम्हीच तपासा.

जुना_डीबीए: भाषेचं सोडा, एसक्यूलाइटकडे बघ. इंटिजर कॉलममधे 'नंतर देतो' लिहिलंस तरी घेतं! २०२१ मधे त्याचं ३.३७ व्हर्जन आलं तेव्हापासून टेबलला स्ट्रिक्ट लावता येतं, मग चुकीचा टाइप घेत नाही, ते लाव. पण लँडलाइन इंटिजरमधे ठेवलीस तर ०२० मधला पुढचा शून्य स्ट्रिक्ट लावून पण जाणारच. फोन नंबरची कोणी बेरीज करतं का, टेक्स्ट ठेव.

कोथरूडचा_पंखा: फोनचा कॉलम आत्ताच बदलला 🙏 रक्कम फ्लोट (दशांश आकडा) ठेवलीय, चालेल ना?

जुना_डीबीए: अजिबात नाही. ०.१ अधिक ०.२ फ्लोटमधे नेमकं ०.३ होत नाही आणि ते जावाच्या डबल या दशांश टाइपमधे पण तसंच आहे, सांग तुझ्या मित्राला. सगळं रुपयांऐवजी पैशांमधे मोज, १५०० रुपये म्हणजे १५०००० पैसे आणि टाइप इंटिजर.