पणजोबांच्या मागची पिढी सापडत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. पणजोबा गिरणीत कामाला म्हणून मुंबईला आले आणि गावाशी संबंध हळूहळू तुटला. त्यांच्या वडिलांचं नाव आज घरात कोणालाच सांगता येत नाही. आजी ८८ वर्षांची आहे, तिच्या हयातीत वंशावळ तिच्या हातात द्यायची फार इच्छा आहे.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुन्या कोतवाल बुकाची (गाव नमुना १४, जन्म-मृत्यूच्या नोंदी) एका पानाची नक्कल मिळाली. पण सगळं मोडी लिपीत! शिवाय त्यात आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. एकाच गावात त्याच नावाची दोन-तीन माणसं असतील तर आपला कोणता, हे कसं ठरवायचं?

दुसरं म्हणजे, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. आमच्या गावाचे उपाध्ये कोण, हे तिथे कुणाला विचारायचं? जाताना काय माहिती न्यावी? आडनाव बदललेलं असण्याची शक्यता आहे, म्हणून कुलदैवत आणि भावकीतली नावं लिहून ठेवली आहेत.

कोकणातल्या कुणी असा शोध घेतला असेल तर कृपया सविस्तर सांगा. मोडी वाचून देणारं कुणी असेल तर मानधन आनंदाने देईन.