अनुभव धागा : दिवाळीनंतर रिकामा झालेला बाक

गोदाकाठची

परवा कराडहून परतताना उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलो. रस्त्याच्या कडेला उसाचा फड, पलीकडे तोडकऱ्यांच्या कोप्या आणि हातपंपावर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी. कडेवर धाकटं भावंड, मोकळ्या हाताने दांडा दाबत होती. अंगात शाळेचा निळा गणवेश. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजलेले. रस्ता मोकळा झाला, गाडी निघाली, पण ती मुलगी काही डोळ्यांपुढून हलेना.

माझं माहेर शिरूर कासार तालुक्यातलं. दिवाळीचे दिवे विझले की आमच्या गावातून ऊसतोडीला टोळ्या निघायच्या. सहावीत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण निघाली तेव्हा तिने तिची कंपासपेटी माझ्याकडे दिली. म्हणाली, "तिकडं लेकरं मोडतील. आल्यावर घेते." आत अर्धी पेन्सिल, करकटक आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मोरपीस होतं. ती एप्रिलात आली, परीक्षा होऊन गेली होती. पुढच्या वर्षी, २००३ च्या वैशाखात तिचं लग्न झालं. आम्ही वर्गातल्या सगळ्या मुली जेवायला गेलो होतो. बुंदी होती. गुरुजी पंगतीत होते, सरपंच होते. कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. बालविवाहाविरुद्ध कायदा तेव्हाही होता हो, १९२९ पासून होता.

ती पेटी अजून माहेरी फडताळात आहे.

तुमच्या आठवणी लिहा. कुणी तुमच्यासाठी उभं राहिलं असेल, तुम्ही कुणासाठी उभे राहिला असाल, किंवा राहायला हवं होतं आणि राहिला नाहीत. तिसऱ्या प्रकारचंही लिहा, मीही तेच लिहिलंय.

सुगरण_पक्षी

मोरपिसाशी येऊन थांबले. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

अर्धा_कोयता

मी त्या कोपीतलाच. आमची टोळी ज्या साखर कारखान्यावर जायची तो बेळगावकडं होता. वडलांनी हौसेनं तिथल्या शाळेत बसवलं, तर सगळं कानडी. चार महिने मी फळ्यावरची गोल गोल अक्षरं बघत बसलो. बाई चांगल्या होत्या, रोज डोक्यावरून हात फिरवायच्या, पण काय म्हणायच्या ते कळायचं नाही. मग मीच जायचं सोडलं. फडात मोळ्या बांधायला लागलो, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकायला लागलो. दहा वर्षांच्या पोराच्या हाताला पैसे दिसले की शाळा नको वाटते, खरं सांगतो.

पुढच्या साली गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं. वसतिगृह म्हणजे काय, मुक्काम आजीकडं आणि दोन वेळचं जेवण शाळेत. तेवढ्यावर मी दहावी झालो. आयटीआय केलं, आता चाकणला फिटर आहे. आजीला रात्री दिसायचं नाही, तरी मी अभ्यास करत असलो की शेजारी बसून राहायची. वीज गेली की म्हणायची, वाच, मी ऐकते.

गोदाकाठची

@अर्धा_कोयता तुमच्या आजीला नमस्कार. हे नाव का घेतलंत?

अर्धा_कोयता

ताई, नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, त्या हिशोबानं मिळते. एकटा माणूस म्हणजे अर्धा. आई वारल्यावर वडलांना दोन हंगाम कुणी टोळीत घेईना.

माजलगावकर_काकू

सगळं खरं आहे, पण आईबापाला नावं ठेवायच्या आधी एक ऐका. तेरा-चौदाची पोरगी. फडात न्यावी तर पहाटे तीनला आई ट्रॅक्टर भरायला जाणार, पोरगी कोपीत एकटी. कोपीला दार नसतं. मागं गावात ठेवावी तर म्हातारीच्या जिवावर. काही झालं तर तक्रार कुठं करायची, कुणाकडं, कुठल्या जिल्ह्यात? मग माणूस म्हणतो, हिला नवऱ्याच्या हवाली करू, आपण सुटू. आणि लग्न झालं की एक कोयता तयार होतो, त्याची उचल मिळते. त्या उचलीतच लग्नाचं कर्ज फिटतं. माझ्या सख्ख्या बहिणीनं हेच केलं. ती वाईट आई नव्हती. रात्र-रात्र जागायची.

पोरींना राहायला धड जागा द्या, दाराला आतून कडी असलेली, मग बघा किती आया लग्न लावतात ते.

ग्रामसेवक_साहेब_नव्हे

काकू, पटलं. मी या नोकरीत सोळा वर्षं आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. आपल्या राज्यात गावपातळीवर त्याचा अधिकारी ग्रामसेवकच असतो, हे खुद्द आम्हाला नीट सांगायलाही काही वर्षं गेली.

एक प्रसंग लिहितो. रात्री दहाला फोन, लग्न दुसऱ्या दिवशी साडेअकराला. सकाळी शाळेचं जनरल रजिस्टर काढलं. मुलगी पंधरा वर्षं चार महिन्यांची. अंगणवाडीताईंना घेतलं, पोलीस पाटलांना घेतलं आणि मंडपात गेलो. स्वयंपाक झाला होता. वांग्याच्या भाजीचा वास अजून नाकात आहे. मुलीचा मामा अंगावर आला, "तुम्ही आमचं वाटोळं करताय." मी एवढंच म्हणालो, की अठराच्या आत लग्न लावलं तर नवऱ्या मुलासकट लावणाऱ्यांवर गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड, त्यात मंडपवाले, आचारी, भटजी सगळे अडकू शकतात. सगळ्यात आधी आचाऱ्याने झारा खाली ठेवला.

ते सगळं चालू असताना मुलीला कुणी काही विचारतच नव्हतं. अंगणवाडीताई तिच्यापाशी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुला काय पाहिजे?" हळद लागलेली पोर म्हणाली, "माझा दहावीचा फॉर्म भरलाय. परीक्षेला बसू द्या." वडील मागेच उभे होते. ते एकदम खालीच बसले.

हमीपत्र लिहून घेतलं, बालकल्याण समितीपुढे उभं केलं. ती परीक्षेला बसली, पास झाली. पण त्याच वर्षी दुसऱ्या गावातलं थांबवलेलं एक लग्न महिन्याभरात नातेवाइकांच्या शेतात रात्री लागलं, हेही सांगतो. मंडप उतरवणं एका दिवसाचं काम. ती मुलगी अठराची होईपर्यंत तिच्या घरी कोण जाणार, हा खरा प्रश्न आहे. मी आता लग्न थांबवलं की वहीत नाव लिहितो आणि दर महिन्याला जातो. चहा पितो, निकाल विचारतो, येतो.

पाटी_पेन्सिल

ग्रामसेवक दादा 🙏 सगळ्या गावांना असे मिळोत.

आकडा आठवला म्हणून टाकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये ४० टक्क्यांच्या वर. माझ्या वर्गात २६ मुली आहेत. मी हजेरी घेताना मनात मोजते आणि मग मोजणं थांबवते.

रुईचं_फूल

पहिल्यांदाच लिहितेय.

फोन मीच केला होता. २०१९. माझंच लग्न थांबवायला. मावशीचा मोबाईल घेऊन मागच्या गोठ्यात गेले. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला होता, दहा-नऊ-आठ असा पाठ झाला होता. वाटलं होतं ओरडतील, नाव-गाव-वडलांचं नाव विचारतील. पलीकडच्या ताईंनी पहिलं विचारलं, "बाळा, आत्ता तुझ्याजवळ कोण आहे? बोलता येतंय ना?" मी म्हणलं म्हैस आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं, मग हळू बोल."

दोन वर्षं वडील बोलले नाहीत माझ्याशी. ताट वाढलं तर उठून जायचे. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी पेढे स्वतः आणले, दिले मात्र आईच्या हातात. आता जीएनएम, म्हणजे नर्सिंग करतेय, शेवटचं वर्ष. सुट्टीला गेले की एसटी स्टँडवर घ्यायला येतात.

गोदाकाठची

रुई, किती वेळा वाचलं तुझं. तू त्या गोठ्यात उभी होतीस आणि मी तुझ्या दुप्पट वयाची असून काल-परवापर्यंत गप्प होते. खूप मोठी हो.

सुगरण_पक्षी

रुई बाळा, घट्ट मिठी. त्या म्हशीला पण.

रुईचं_फूल

मावशी, म्हैस अजून आहे 😊 चंद्री नाव तिचं.

दादरची_आई

मला वेगळंच लिहायचंय. माझ्या लहानपणी, १९८८-८९ ला, मला सांभाळायला घरात एक मुलगी होती. कोकणातून आणलेली. मी चार वर्षांची, ती दहाची. मला शाळेत सोडायला तीच यायची. फाटकापर्यंत. माझं दप्तर तिच्या पाठीवर असायचं, फाटकाशी काढून माझ्या खांद्यावर द्यायची आणि मी आत जायचे. आम्ही तिला चांगलं वागवायचो, असं आई आजही म्हणते, आणि ते खोटं नाही. पण ते फाटक मी रोज ओलांडत होते आणि ती बाहेर उभी राहत होती. घरकामाला आणि हॉटेलात १४ वर्षांखालची मुलं ठेवायची बंदी १० ऑक्टोबर २००६ ला आली. ती तेव्हा तिशीच्या आसपास असेल. तिला अक्षर ओळख झाली का, हेही आम्ही कुणी विचारलं नाही.

कुणकेरी

गोव्यातून. आमच्याकडे २००३ सालचा स्वतंत्र बाल कायदा आहे, पणजीत मुलांसाठी वेगळं न्यायालय आहे. तरी किनाऱ्यावर मण्यांच्या माळा विकणारी पोरं दिसायची ती दिसायचीच. माझी बहीण रविवारी त्यांना वाळूवर मुळाक्षरं शिकवायची. लाट आली की पाटी कोरी. पोरं त्यालाच खुश.

जुना_मास्तर

वाळूवरून कोसबाडची कुरणशाळा आठवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी चालवलेली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीरात, म्हणजे कोल्हापूर संस्थानात, प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. दोन्ही वाटा लागतात. नुसता दंड पुरत नाही आणि नुसती कुरणशाळाही पुरत नाही.

आमच्या शाळेत शिक्षण हमी कार्ड देतो. लेकरू कुठल्याही गावी गेलं तरी तिथल्या शाळेने त्यावर दाखल करून घ्यायचं. मी कार्डाच्या मागे माझा नंबर आणि "हिला भागाकार येतो, हातच्यात चुकते" असं काहीतरी लिहून देतो. एकदा सांगलीकडच्या एका मास्तरांचा फोन आला, "सर, हातचा जमला."

पाटी_पेन्सिल

सर, 🙏🙏 हे मी उद्यापासून करणार.

आमच्या मुलींचंही सांगते. बालसभेत विचारलं, काय बदलायला हवं? मला वाटलं खेळाचं सामान मागतील. आठवीतली एक म्हणाली, संध्याकाळची निळी बस, म्हणजे शाळेच्या मुलींसाठीची एसटी, शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी जाते. मग दीड तास फाट्यावर थांबायचं, अंधार पडतो, टपरीवरची पोरं त्रास देतात, आणि हे घरी सांगितलं तर शाळाच बंद होईल म्हणून कुणीच सांगत नाही. आठ महिने माझ्यासमोर रोज बसणाऱ्या मुली, आणि मला पत्ता नव्हता.

अर्ज त्यांनीच लिहिला. मायना "आदरणीय आगारप्रमुख काका" असा. मी दुरुस्त करायला गेले, त्या म्हणाल्या राहू द्या. एकोणीस सह्या. तीन आठवड्यांनी बस वीस मिनिटं उशिरा सुटायला लागली. पहिल्या दिवशी चालकाने हॉर्न वाजवला तेव्हा पोरींनी काय आरडाओरडा केला!

माजलगावकर_काकू

काका 😄 काम झालं ना पण. माझ्या नातीला पाचवीत पास मिळेल का गं? तिच्या गावाला निळी बस नाही, साधी एसटी आहे.

पाटी_पेन्सिल

काकू मिळतो, अहिल्यादेवी होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत आहे. शाळेत विचारा, शाळाच नावं पाठवते.

सुगरण_पक्षी

आत्ता वेळ मिळाला. माझं फार नाही. आमच्या सोसायटीत बांधकाम चालू आहे, तिथल्या रखवालदाराची मुलगी रोज माझ्या खिडकीखाली एकटीच दगड मांडून "हजेरी" घेत बसते. दगडांना नावं ठेवलीत तिने. आज धागा वाचून खाली गेले आणि शाळेचं विचारलं. तिच्या आईला वाटत होतं जन्मदाखला नसला तर घेत नाहीत. घेतात. उद्या साडेदहाला आम्ही तिघी जातोय.

जुना_मास्तर

वयानुसार वर्ग मिळतो, पहिलीत बसवू देऊ नका. अडलं तर इथे लिहा, मी जागा आहे.

गोदाकाठची

सुगरण, उद्या काय झालं ते नक्की सांग. मी रविवारी माहेरी जातेय. भावाने मैत्रिणीचा नंबर काढलाय. तिची धाकटी नववीत आहे म्हणे.