मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन ट्रेलरने कॅलिफोर्नियाचा किनारा. बिग सरमधून ओढत न्यावा का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सनीवेलला राहतो. आईबाबा चिपळूणहून आलेत, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परत जातील. बाबांनी अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी कुंभार्ली घाटात. डिस्नेलँडचं नाव काढलं की ते पेपर उघडतात. "समुद्र दाखव, त्यातली जनावरं दाखव, बाकी मला काही नको," एवढीच त्यांची मागणी.

म्हणून १९ फुटी ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) भाड्याने घेऊन हायवे १ ने मॉन्टेरे, बिग सर (कड्यांच्या किनाऱ्याचा टप्पा), सॅन सिमिऑन, मोरो बे असं जायचं ठरवलं. ट्रेलर भरल्यावर ४,००० पौंडांच्या आत राहतो आणि आमची गाडी ५,००० पौंड ओढते, त्यामुळे तिथे प्रश्न नसावा. आम्ही पाच जण: मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि आईबाबा.

घोळ असा झाला की गेल्या शनिवारी ट्रेलरमालकाने तासभर सरावाला दिला. एका रिकाम्या पार्किंगमध्ये मी मागे घ्यायला गेले. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं तर ट्रेलर डावीकडे! सावरायला गेले तोवर काटकोन झाला आणि गाडीच्या बंपरला पोचा पडला. बाबा कडेला उभे राहून "कंडक्टर कुठाय, कंडक्टर?" म्हणत होते.

आता धीर खचलाय. बिग सरचा रस्ता नवशिक्यांना जमेल का? ख्रिसमसच्या आठवड्यात स्टेट पार्कात ट्रेलर लावायला एकही जागा दिसत नाही (बुकिंग ६ महिने आधी उघडतं, हे मला आत्ता कळतंय). आणि एलिफंट सील नक्की कधी दिसतात? आईचा वेगळा प्रश्न: तिचे गुडघे दुखतात, तर प्रवासात ती मागे ट्रेलरमध्ये आडवी होऊ शकते का?

घाटमाथा:
आधी आईंचं उत्तर: नाही. तुम्ही घेताय तसल्या मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये चालू प्रवासात माणूस बसवणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे. दर तासाला थांबा, पाय मोकळे करू द्या.

बिग सर: ट्रेलर घेऊन पहिल्याच वेळी नको. अरुंद दुपदरी रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला थेट पाणी. मागे पाच गाड्या साठल्या की बाजूच्या जागेत थांबून वाट देणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे तुमचं लक्ष समुद्राऐवजी आरशातच. फायफर बीचच्या फाट्यावर तर ट्रेलरला बंदीच आहे. शिवाय पावसाळ्यात दरडी. २०१७ च्या मेमध्ये मड क्रीकला डोंगर खाली आला, तो रस्ता पुन्हा सुरू व्हायला २०१८ चा जुलै उजाडला. निघण्याआधी कॅलट्रान्सची (इथल्या रस्ते खात्याची) माहिती बघाच.

माझं ऐकाल तर हायवे १०१ ने सरळ मोरो बे गाठा, साधारण दोनशे मैल. ट्रेलर तिथे लावून ठेवा आणि रोज नुसत्या गाडीने फिरा. सॅन लुइस ओबिस्पोच्या आधी क्वेस्टाचा उतार लागतो, तो खालच्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय दाबून धरायचा नाही, हे तुमच्या वडिलांना सांगायला नको! ट्रेलर मागे असताना वेगमर्यादा ५५ मैल.

आणि ५,००० पौंडांवर विसंबू नका. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर गाडीत किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. ट्रेलरचं नाक गाडीवर त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार टाकतं, म्हणजे तुमच्या बाबतीत ४०० ते ६००. त्यात पाच माणसं आणि सामान मिळवा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं.

खारवी:
ख्रिसमस सोडून द्या, जानेवारीचा शेवट धरा. सॅन सिमिऑनजवळच्या पिएद्रास ब्लांकासला एलिफंट सीलची बाळं डिसेंबरमध्ये यायला लागतात, पण सगळ्यात गजबज जानेवारीच्या अखेरीस. नर दोन टनांच्या पुढे जातात. ते एकमेकांवर छाती आपटतात तो आवाज बघ्यांसाठीच्या लाकडी फळ्यांच्या वाटेवरून स्पष्ट ऐकू येतो, आणि मध्येच एखादी मादी शांतपणे पाठीवर वाळू उडवत पडलेली असते. तिकीट नाही, चढ नाही, त्यामुळे आईंनाही जमेल. त्याच सुमारास करडे देवमासे अलास्काकडून बाहा कॅलिफोर्नियाला जात असतात. दुर्बीण न्या.

मोरो रॉकच्या मागच्या बाजूला सी ऑटर दिसतील, म्हणजे आपल्या खाडीतल्या ऊदाचा खाऱ्या पाण्यातला चुलतभाऊ. केल्पच्या (लांबलचक समुद्री शेवाळाच्या) पट्ट्या अंगाभोवती गुंडाळून पाठीवर झोपतो, म्हणजे वाहून जात नाही. लांबूनच बघा. लेकीसाठी पिस्मो बीचची निलगिरीची झाडी, तिथे थंडीत मोनार्क फुलपाखरं घोसांनी लटकतात.

काँडोर (इथलं प्रचंड गिधाड) बघायचा असेल तर एक दिवस नुसत्या गाडीने बिग सरला जा, अर्थात रस्ता उघडा असेल तर. पंखांवर नंबराचे बिल्ले असतात. १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरले होते. आपल्याकडच्या गिधाडांचं डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधाने जे केलं, तेच इथे शिकारीच्या शिशाने केलं.

घाटमाथा:
खारवींना अनुमोदन. फक्त एक: मोरो बे स्टेट पार्कात विजेच्या जोडणीच्या काही जागा आहेत, त्यातलीच घ्या. बाकी ठिकाणी रात्री हीटरचा पंखा बॅटरी खातो, आणि जनरेटर रात्री ८ नंतर बंद ठेवावा लागतो. म्हातारी माणसं गारठतील.

मागे घेण्याचं गुपित सांगतो: स्टिअरिंग खालून, सहाच्या काट्यावर धरा. ट्रेलर ज्या बाजूला हवा, त्याच बाजूला हात न्या.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार! दारावरचं स्टिकर पाहिलं आणि पोटात गोळा आला: पाच माणसं आणि नाकाचा भार धरून जेमतेम दीडशे पौंड उरतात. आईची कुकरसकट ट्रेलरमध्ये जाणारी भांड्यांची पेटी आता निम्मी होणार, त्यावरून घरात वाद चालू आहे.

विजेची जागा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या सोमवार ते गुरुवार मिळाली. लेकीची शाळा चार दिवस बुडेल.

काल पुन्हा सरावाला गेलो. हात खाली धरून पाचव्या प्रयत्नात ट्रेलर दोन पट्ट्यांच्या मध्ये सरळ गेला. बाबा मागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." करत होते आणि शेवटी ट्रेलरच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.