पद्मिनी गाडीच्या दाराच्या काचेचं रबर बसवताना काच अडकतेय

पद्मिनी_नाशिक:
मंडळी, वडिलांची १९८४ ची पद्मिनी रंगवून आलीय, आता काचांची रबरं आणि आतलं फेल्ट चॅनल (काच ज्यात वरखाली सरकते ती मऊ अस्तराची पट्टी) नवीन घालतोय. कुर्ल्याहून सेट आणला पण चॅनल जाड वाटतं, काच निम्म्यावर आली की अडकते, हँडलला फार जोर लागतो. घासून पातळ करू का?

गॅरेजकाका:
घासू नका हो! आधी खाचेतला गंज आणि जुन्या फेल्टचा चुरा पूर्ण निघालाय का बघा, गंज फुगला की जागाच उरत नाही. त्रिकोणी काचेच्या मागचा उभा दांडा असतो ना, त्याच्या खोबणीत हमखास जुनं काहीतरी चिकटलेलं असतं. चॅनल वरच्या कोपऱ्यापासून दाबत आणा, ताणू नका, ताणलेलं रबर नंतर आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. कापताना थोडं लांबच ठेवा. सिलिकॉन स्प्रे चालेल, ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, रबर फुगतं.

सई_पुणे:
बाहेरच्या कडेच्या पट्टीच्या क्लिपा गंजल्या असतील तर नव्याच घ्या, आणि बसवताना रंगावर मास्किंग टेप लावाच, नवा रंग ओरखडला की जीव जळतो. दाराच्या तळाची भोकंही मोकळी करा, पावसात थोडं पाणी आत जाणारच, ते तिथूनच निघतं, तुंबलं की दार खालून सडतं.

पद्मिनी_नाशिक:
काका, दांड्याच्या खोबणीतच होतं! खरवडलं, काच आता सरळ वर जातेय. खूप आभार दोघांचे. त्रिकोणी काचेचं रबर चांगलं कुठे मिळेल?