रूझवेल्टचं पत्र विसरू नका

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि बेसबॉल यांचं नातं जुनं आहे. राष्ट्राध्यक्ष टाफ्टने १९१० मध्ये वॉशिंग्टनला सामन्याआधी मानाचा पहिला चेंडू टाकला, तिथूनच राष्ट्राध्यक्षांनी तो टाकायची प्रथा रुळली. पण माझ्या मते या नात्यातला सगळ्यात मोठा क्षण मैदानाबाहेरचा आहे. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला सहा आठवडेही झाले नव्हते. युद्धात बेसबॉल चालू ठेवायचा की नाही, असं बेसबॉलचा प्रमुख, कमिशनर लँडिसने विचारलं. १५ जानेवारी १९४२ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टने पत्रातून उत्तर धाडलं: खेळ चालू राहू द्या, लोक जास्त तास राबणार आहेत, त्यांना विरंगुळा हवाच. आणि रात्रीचे सामने वाढवा, म्हणजे दिवसपाळीच्या कामगारांनाही बघता येतील! युद्धाच्या धामधुमीत पाळीवरच्या माणसाची आठवण ठेवणं, हे मला फार भावतं. खेळाडूंना मात्र सूट नव्हती. टेड विल्यम्स, जो डिमॅजिओ हे त्या काळचे बडे खेळाडू, दोघेही सैन्यात गेले.