कुरुपाला कॉर्न कॅप नको
मधुमेह्याच्या तळपायावरच्या कुरुपाला कॉर्न कॅप (कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टी) लावायचा सल्ला कुणीतरी दिलाय. कृपया नको! त्या पट्टीत बहुधा ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं. कुरूप कुठलं नि चांगली कातडी कुठली, हे त्याला कळत नाही. मधुमेहाने पाय बधिर झाला असेल तर कातडी जळून जखम झाली तरी दुखत नाही, मोज्याला डाग लागल्यावर समजतं. घरी ब्लेडने तासणंही तितकंच वाईट. कुरूप होतं दाबामुळे. डॉक्टरांकडून तासून घेतलं आणि चप्पल तीच ठेवली, तर ते परत येणारच. मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं रबर) तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. अंगठ्याची नको, बधिर पायातून ती निसटलेलीही कळत नाही. कुरुपाखाली काळसर डाग दिसला तर आत रक्त साकळलेलं असू शकतं, खाली जखमही असते बरेचदा. त्याच दिवशी दाखवा.